‘मुलाला चंद्र दिसला की पुरे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुलांसाठी पहिली दुर्बीण घेण्याविषयी मी जो लेख लिहिला, त्यावर आपण ‘एक पालक, इंदिरानगर’ या नावाने दिलेली प्रतिक्रिया मी तीन-चार वेळा वाचली आणि दोन दिवस थांबून हे उत्तर लिहीत आहे. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. चार-पाच हजारांत मिळणारी, उंच आणि बारीक पायांच्या स्टँडवरची लांब नळीची दुर्बीण मुलांसाठी घेऊ नये. आधी बायनॉक्युलर घ्यावा आणि पुढे जमेल तेव्हा ठेंगण्या लाकडी बैठकीवरची ११४ किंवा १३० मिलिमीटर आरशाची दुर्बीण घ्यावी, असे मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे, की माझे ज्ञान पुस्तकी आहे, मी सामान्य पालकांना घाबरवतो, मी दिलेल्या किमती जुन्या आहेत, आठ वर्षांच्या मुलाच्या हातात बायनॉक्युलर स्थिर राहत नाही, नाशिकच्या उजेडात मोठ्या आरशाचा उपयोग नाही आणि गच्चीवर टेबल कोणी नेऊन ठेवत नाही. शेवटी आपण लिहिले आहे : ‘स्टँड हलतो ही मोठ्यांची तक्रार आहे. मुलाला चंद्र दिसला की पुरे. माझ्या मुलाने तर दिवाळीत शनीची कडीही पाहिली.’

किमतींबाबत आपले बरोबर आहे. ते आकडे मी दोन वर्षांपूर्वी टिपून ठेवले होते आणि लेख प्रसिद्ध करताना ते पुन्हा तपासायला हवे होते. ती चूक मी मान्य करतो आणि मूळ लेखात दुरुस्तीही केली आहे.

उरलेल्या मुद्द्यांपैकी बायनॉक्युलर कठड्यावर कोपरे टेकवून कसा धरावा, हे मूळ लेखात सविस्तर आहे. आपण तो भाग वाचलेला दिसत नाही. नाशिकच्या उजेडाने तेजोमेघ आणि दीर्घिका फिक्या पडतात हे खरे. पण चंद्र, ग्रह आणि जोडतारे यांना कॉलेज रोडच्या दिव्यांमुळे विशेष फरक पडत नाही. टेबलाऐवजी जड स्टूल किंवा दोन विटांवर ठेवलेला पाट चालतो. यापेक्षा अधिक या मुद्द्यांवर लिहिण्यासारखे नाही.

मतभेदाचे मला वाईट वाटत नाही. आपण ज्या सुरात लिहिले त्याचे मात्र वाटले. ‘घरात बसून लोकांना शहाणपण शिकवणारे’ हे शब्द आपण माझ्याविषयी वापरले आहेत. जी व्यक्ती स्वतःचे नावही सांगत नाही, तिने दुसऱ्याच्या अनुभवावर असा शेरा मारण्यापूर्वी निदान एक प्रश्न विचारायला हवा होता. तो आपण विचारला नाहीत, तेव्हा न विचारताच सांगतो.

१९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला दिसत असे. पंचवटीतल्या आमच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवरून तो नुसत्या डोळ्यांनी, शेपटीसह दिसला. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि त्या दिवसापासून घरात दुर्बिणीचा हट्ट धरून बसलो. वडील सातपूरला एका कारखान्यात पाळीवर जात. ओव्हरटाइमचे पैसे साठवून त्यांनी दिवाळीला एका प्रदर्शनातून दुर्बीण आणली. ६० मिलिमीटर भिंग, ७०० मिलिमीटर नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमा जिथे एकवटते तिथपर्यंतचे अंतर), २० आणि ४ मिलिमीटरचे दोन आयपीस (डोळा लावायची भिंगे), तिप्पट करणारे बार्लो भिंग आणि खोक्यावर शनीचे रंगीत चित्र. त्या चित्राशेजारी मोठ्या अक्षरांत ‘५२५ पट’ असे छापले होते. हा आकडा येतो कोठून, ते मला फार उशिरा कळले : ७०० ला ४ ने भागले की १७५ आणि त्याला ३ ने गुणले की ५२५. गणित अचूक आहे. पण ६० मिलिमीटरच्या भिंगाला साधारण १२० पटींपलीकडे काहीही नवे दाखवता येत नाही, कारण त्यापुढे प्रतिमा नुसती फुगते आणि काळवंडते.

आम्हाला हे कोणी सांगितले नव्हते. जास्त पट म्हणजे चांगले, या समजुतीने वडिलांनी ४ मिलिमीटरचा आयपीस लावला. शनी नळीत आणायला त्यांना अर्धा तास लागला. तो सापडला की ते स्क्रू आवळत, स्क्रू आवळला की नळीची मान खाली पडे आणि पुन्हा शोध सुरू होई. अखेर त्यांनी नळी हाताने तशीच धरून ठेवली आणि मला म्हणाले, ‘बघ पटकन.’ मी डोळा लावला. एक पिवळसर डाग वेड्यासारखा नाचत होता आणि माझ्या श्वासानेही तो इकडून तिकडे उडत होता. ‘दिसली का रे कडी?’ त्यांनी विचारले. मी म्हणालो, ‘दिसली.’ मग त्यांनी स्वतः पाहिले आणि तेही म्हणाले, ‘हो, दिसते आहे.’ त्यांना खरोखर काय दिसले हे मी त्यांना कधीच विचारले नाही. महिनाभरात ती दुर्बीण माळ्यावर गेली.

आपल्या ‘मुलाला चंद्र दिसला की पुरे’ या वाक्यावर मी इतका अडून बसलो आहे, त्याचे कारण ही दिवाळी आहे. मुलाने ‘दिसले’ म्हटले म्हणजे त्याला दिसलेच, असे आपण धरून चालता. बापाने पैसे खर्च केले आहेत, थंडीत उभे राहून तो नळी धरून बसला आहे, हे अकरा वर्षांच्या मुलाला कळत असते आणि आठ वर्षांच्या मुलालाही कळते.

२००४ च्या जानेवारीत, पदविकेला असताना, मी ती नळी माळ्यावरून खाली काढली. वडील तोवर गेले होते. जॉन डॉब्सन यांच्या बैठकीविषयी मी नुकतेच वाचले होते. १९१५ मध्ये बीजिंगला जन्मलेले हे गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त आश्रमात बरीच वर्षे संन्यासी होते. त्यांनी जहाजांच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या आणि दुर्बीण उंच पायांवर चढवण्याऐवजी जमिनीलगतच्या लाकडी खोक्यात बसवली. आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी प्लायवूडच्या उरलेल्या तुकड्यांतून मला तसेच एक खोके करून दिले. तीच नळी, तेच भिंग, या वेळी २० मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे अवघी ३५ पट. शनी त्या हिवाळ्यात मिथुनेत होता. नळी सोडून दिली तरी ती जागची हलली नाही, आणि इवलासा पिवळा गोळा, त्याच्याभोवती कडी आणि दोहोंमध्ये काळी फट, हे मी पहिल्यांदा पाहिले. २००४ मध्ये कडी पुष्कळ उघडलेली होती आणि १९९७ मध्ये नुकती कोठे उघडू लागली होती, हा फरक मी लपवत नाही. पण १९९७ लाही ३५ पटीत गोळ्याच्या दोन्ही बाजूंना आलेली टोके दिसायला हवी होती. ती नाचणाऱ्या स्टँडने आणि नको तेवढ्या पटींनी आमच्यापासून हिरावली.

आता हे आकड्यांत मांडतो, म्हणजे ‘मोठ्यांची तक्रार’ असे पुन्हा कोणी म्हणणार नाही. ७०० मिलिमीटर लांबीच्या नळीचे एक टोक दुसऱ्याच्या तुलनेत केवळ ०.२ मिलिमीटर हलले, तर नळीची दिशा एका कलेने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने बदलते. ३५ पटीत पाहणाऱ्याला ती हालचाल ३५ कला वाटते, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षा थोडी अधिक. १७५ पटीत तीच हालचाल पाच-सहा चंद्रांएवढी होते आणि ५२५ पटीत जवळजवळ नऊ अंश होते; हात लांब करून धरलेली मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते. ०.२ मिलिमीटर हलवायला पापणीचा स्पर्श पुरतो. त्यातच पृथ्वीच्या फिरण्यामुळे ग्रह दर मिनिटाला सुमारे १५ कला सरकतो, म्हणजे १७५ पटीत साध्या आयपीसमधून तो मिनिटभराच्या आत बाहेर जातो. ढकलून पुन्हा आत आणावा, तर स्टँड थरथरतो. थरथर थांबेपर्यंत ग्रह पुन्हा काठावर आलेला असतो. मोठा माणूस काय पाहायचे हे जाणून असतो आणि त्या थरथरीतून एखादा स्थिर क्षण पकडतो. मुलाला ते जमत नाही. म्हणजे हलणाऱ्या स्टँडचा त्रास मोठ्यांपेक्षा मुलांनाच अधिक होतो आणि आपले विधान नेमके उलटे आहे.

चंद्राविषयी आपले म्हणणे अंशतः खरे आहे. चंद्र मोठा आणि तेजस्वी असल्यामुळे तो कशातूनही दिसतो. पण चंद्र तीन-चार रात्रींत पाहून होतो आणि मूल विचारते, ‘आता काय?’ तेव्हा सप्तर्षींमधल्या वसिष्ठाकडे नळी वळवून तो एक नसून दोन तारे आहेत हे दाखवता आले पाहिजे. त्या दोघांत सुमारे १४ विकलांचे (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) अंतर आहे आणि तुमच्या आमच्या लहान भिंगालाही ते फोडता येते, परंतु नळी स्थिर असेल तरच.

गेली चौदा वर्षे मी थंडीच्या दिवसांत शाळांच्या मैदानांवर आणि पेठ-हरसूलकडच्या आश्रमशाळांत दुर्बीण घेऊन जातो. मुलांना मी ‘दिसले का?’ असे विचारत नाही. गुरू दाखवतो आणि विचारतो, की ठिपके किती आणि कोणत्या बाजूला किती. गुरूचे चार मोठे चंद्र रोज जागा बदलतात, त्यामुळे पुस्तकातले चित्र आठवून उत्तर देता येत नाही. ज्याने पाहिले ते मूल लगेच सांगते, ‘एकीकडे तीन, एकीकडे एक.’ ज्याने पाहिलेले नसते ते मूल आधी माझ्या तोंडाकडे बघते. हलणाऱ्या स्टँडवर असे बघणारी मुले किती तरी असतात, हे मी ज्ञान पुस्तकी असल्यामुळे सांगत नाही.

आपल्या मुलाच्या शनीविषयी लिहावे की नाही, याचा मी विचार केला आणि लिहिण्याचे ठरवले. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी पृथ्वीच्या दिशेने अगदी काठावर आली होती आणि २०२५ च्या दिवाळीतही ती जवळजवळ मिटलेलीच होती. चांगल्या, स्थिर दुर्बिणीतूनही ती गोळ्यातून आरपार गेलेल्या बारीक रेघेसारखी दिसत होती. आपल्या मुलाने ती रेघ पाहिली असेल, तर त्याची नजर असामान्य आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण त्याने पाहिलेली कडी आपण त्याच्याकडून कागदावर काढून घेतली काय? आपण स्वतः त्या आयपीसला डोळा लावला होता काय? चित्रात कडी खोक्यावरच्यासारखी रुंद आली, तर मुलाला रागावू नका. त्याने ते तुमच्यासाठी केले आहे.

‘घाबरवणे’ या आरोपावर एवढेच सांगतो, की मूळ लेखात जे राहून गेले त्याची भीती मात्र प्रत्येक पालकाने बाळगलीच पाहिजे. काही खोक्यांत आयपीसला लावायची एक लहान काळी काच सूर्य पाहण्यासाठी म्हणून असते. भिंगाने एकवटलेल्या उन्हाने ती तडकू शकते आणि त्या क्षणी डोळा कायमचा जाऊ शकतो. आपल्या खोक्यात ती असेल तर आजच फोडून टाका. यावर मी कोणाशीही वाद घालणार नाही.

आपण दुर्बीण घेऊन बसला आहात, तेव्हा ती परत करा असे मी सांगत नाही. बार्लो भिंग आणि ४ मिलिमीटरचा आयपीस बाजूला ठेवा आणि फक्त २० मिलिमीटरचा वापरा. स्टँडचे पाय पूर्ण आत ढकला, मुलाला बसून पाहू द्या आणि मधल्या पट्टीला पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली बांधून खाली लोंबू द्या. गुरू संध्याकाळी आकाशात असतो त्या दिवसांत तो चटकन ओळखू येतो. तो आयपीसच्या मध्यभागी आणा, नळीला बोटाने एक हलकी टिचकी मारा आणि गुरू पुन्हा स्थिर होईपर्यंत मोबाइलवर सेकंद मोजा. दोन-तीन सेकंद लागले तर आपला स्टँड मी समजतो तेवढा वाईट नाही आणि तसे मी इथेच लिहीन. पाच-सहाच्या पुढे गेले, तर बैठकीचे मापाचे चित्र मी पाठवतो. प्लायवूडचे तुकडे कोणत्याही सुताराकडे मिळतात. आकडा कितीही येवो, तो याच ठिकाणी लिहावा, ही विनंती.