आयटीआय, डिप्लोमा, इंजिनिअरिंग: गळती सांध्यांवर आहे

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजचं कौतुक आपल्याकडे अधूनमधून निघतं. घराजवळ कमी फीमध्ये दोन वर्षं शिकायचं आणि मग विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं. सोबत ‘आपल्याकडे असं काही नाही’ अशी हळहळही येते. पुणेकरांनी तरी ती करू नये. औंधचं सरकारी आयटीआय आहे, १९५७ पासूनचं शिवाजीनगरचं शासकीय तंत्रनिकेतन आहे, इंजिनिअरिंग कॉलेजं तर पेठ ओलांडली की एक अशी आहेत. दहावी, दोन वर्षं आयटीआय, डिप्लोमाला थेट दुसरं वर्ष, मग पुन्हा इंजिनिअरिंगला थेट दुसरं वर्ष. फिटर झालेला पोरगा बी.ई. होऊ शकतो, नियमात तशी सोय आहे.

तरीही पोरं मध्येच गळतात. गळती कॉलेजात कमी आणि एका कॉलेजातून दुसऱ्यात जाताना जास्त होते, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतही दुखणं हेच. तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१७ च्या अहवालात कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाया जातात, असा अंदाज आहे. म्हणजे शिकलेलं पुन्हा शिका, फी पुन्हा भरा. फ्लोरिडाने त्यावर उपाय केला: राज्यातल्या सरकारी कॉलेजांत एकाच विषयाला एकच क्रमांक. विषय जुळतो की नाही, हा वादच उरत नाही.

आपल्याकडे पहिली चूक सोळाव्या वर्षी होते आणि ती चूक आहे हे कुणी सांगत नाही. फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट हे ट्रेड दोन वर्षांचे. वेल्डर एक वर्षाचा, कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेडही एक वर्षाचा. डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी दोन वर्षांचा ट्रेड लागतो. ‘वर्षात मोकळा होशील, लगेच कमवायला लागशील’ म्हणून मामा किंवा शेजारी वेल्डर सुचवतात. त्यात वाईट काही नाही, चांगल्या वेल्डरला भोसरीत काम मिळतंच. पण त्या एका वर्षाच्या बचतीत पुढचा दरवाजा बंद होतो, हे फॉर्म भरतानाच कळायला हवं.

दुसरी गळती कागदांची, आणि ती सगळ्यात निष्ठुर. बारावी सायन्सच्या मुलांचे जात वैधतेचे प्रस्ताव ज्युनिअर कॉलेजमधूनच जातात, शिक्षक मागे लागतात. डिप्लोमाचा विद्यार्थी अकरावी-बारावीच्या त्या व्यवस्थेत नसतोच. मग तिसऱ्या वर्षाचा निकाल लागतो, इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाचे फॉर्म सुटतात आणि तेव्हा कळतं की राखीव जागेसाठी वैधता प्रमाणपत्र लागतं. जात पडताळणी समिती पुरावा मागते तो मानीव दिनांकाआधीचा, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरलेल्या तारखेआधीचा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. घर येरवड्यात किंवा जनता वसाहतीत असलं तरी हा कागद बीडच्या नाहीतर धाराशिवच्या एखाद्या गावात असतो. आजोबांचा शाळेच्या रजिस्टरमधला उतारा, नाहीतर तहसीलमधली गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातली नोंद. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबा शोधा, वंशावळ जोडा. वडिलांच्या दाखल्यावर एक आडनाव आणि आजोबांच्या उताऱ्यावर दुसरं निघालं की त्रुटी आलीच. हे काम आठ दिवसांत होत नाही. त्याची सुरुवात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत व्हायला हवी, म्हणजे सुट्टीत गावी जाणं होतं आणि पुढे हाताशी वेळ राहतो.

नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात नसल्याच्या प्रमाणपत्राचं, वेगळंच. ज्या शैक्षणिक वर्षाचा प्रवेश, त्या वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत ते चालू असावं लागतं. गेल्या वर्षीचं घेऊन सुविधा केंद्रावर गेलात की खुल्या प्रवर्गात टाकतात, आणि त्यानंतरची धावपळ सेतू केंद्राच्या रांगेत.

ट्यूशन फी माफीच्या जागा दर शाखेत पाच टक्के जादा असतात, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. पण पर्याय भरताना त्यांचा कोड वेगळा निवडावा लागतो. फॉर्म भरून देणाऱ्या कॅफेवाल्याने तो भरलाच नाही तर गुणांनी पात्र असलेला मुलगाही पूर्ण फी भरतो.

आणि कॅप, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या सोडून व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या बहुतेक फी सवलतींवर पाणी. ‘आत्ता सीट पक्की करा, स्कॉलरशिप नंतर बघू’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठावं.

आता गणित. डिप्लोमाचं गणित पहिल्या वर्षात संपतं. बेसिक आणि अप्लाइड हे दोन विषय मिळून त्यात विकलन, संकलन, पहिल्या घाताची साधी विकल समीकरणं येतात. आंशिक विकलन आणि बहुसंकलन येत नाहीत. ते इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असतात आणि नेमकं तेच वर्ष हा विद्यार्थी गाळून येतो. दुसऱ्या वर्षाच्या एम-थ्रीत, म्हणजे इंजिनिअरिंग गणिताच्या तिसऱ्या पेपरात, व्हेक्टर कॅल्क्युलस समोर येतं. ग्रेडियंट काढायला आंशिक विकलन लागतं, पृष्ठ संकलनाला दुहेरी संकलन. शिवाय थेट प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत बहुतेकदा वर्ग सुरू झालेले असतात. म्हणून मशीन ड्रॉइंग आणि वर्कशॉपमध्ये वर्गाला भारी पडणारा मुलगा एम-थ्रीला अडकतो आणि ‘डिप्लोमावाले कच्चे’ असा शिक्का बसतो. हा शिक्का मला साफ अमान्य आहे. मुलगा कच्चा नाही, त्याला दोन प्रकरणं कुणी शिकवलीच नाहीत. चाळीस तासांचा वर्ग पुरेल: पंधरा तास आंशिक विकलन, पंधरा बहुसंकलन, उरलेले दहा सरावाला. तो डिप्लोमाच्या शेवटच्या परीक्षेनंतर आणि प्रवेशाआधी, जूनच्या रिकाम्या दिवसांत, तंत्रनिकेतनातच घ्यावा. खर्च एका शिक्षकाच्या मानधनाचा.

अप्रेंटिसशिपबद्दल थोडक्यात. १९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप आणि चाकणमधल्या कंत्राटदाराची ‘ट्रेनी’ ही नोकरी एक नाही. पहिल्यात सरकारी पोर्टलवर करार नोंदवला जातो; ट्रेडची पूर्ण करून परीक्षा पास झालात तर देशभर चालणारं प्रमाणपत्र मिळतं. दुसऱ्यात काही महिन्यांनी गेट पास परत घेतात, बस. रुजू होताना कराराचा नोंदणी क्रमांक मागा. तो देत नसतील तर पुढे सांगायला हाताशी काही उरणार नाही, हे धरून चला.

नोकरी करत पदवी घेण्यासाठी एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०२३-२४ पासून संध्याकाळच्या बॅचेसना वाट मोकळी केली, डिप्लोमा आणि एक वर्षाच्या नोकरीवर. निर्णय चांगला, पण पिंपरी-चिंचवड आणि चाकणमधल्या पाळ्या फिरत्या असतात. ज्या आठवड्यात दुसरी पाळी, त्या आठवड्यात संध्याकाळचा वर्ग बुडाला. महिन्यात असे दोन आठवडे गेले की हजेरी संपली. कॉलेजं प्रवेशाच्या वेळी कंपनीचं ना हरकत पत्र मागतात. त्याच पत्रात ‘सत्र चालू असताना कायम पहिली पाळी’ ही ओळ मागावी, आणि एचआरवाल्यांनी ती लिहून द्यावी.