गोळ्या का सुटल्या, हे आधी विचारा

"बीपी नॉर्मल आलं, म्हणून गोळी सोडली." हे ऐकलं की जीव तळमळतो. अहो, नॉर्मल आलं ते गोळीमुळेच! पण खेड्यातल्या त्या माणसाला हे कुणी नीट सांगितलेलंच नसतं. वर सगळे मिळून त्यालाच अडाणी, बेफिकीर ठरवतात, याचा मला खरंच संताप येतो.

ज्या आजारात काही दुखत नाही, खुपत नाही, त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून, मिळेल ती गाडी पकडून लांबच्या दवाखान्यात जायचं. तिथे कळणार, साठा संपलाय. किती खेपा घालायच्या माणसाने? त्यात बीपीच्या गोळ्यांपैकी अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात, एनालाप्रिलने कोरडा खोकला लागतो. गोळी बदलून मिळते हे ठाऊकच नसेल, तर तो ती बंदच करणार ना!

बीपी आटोक्यात असेल तर ३ ते ६ महिन्यांनी तपासणी पुरे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मग तेवढ्या गोळ्या एकदम द्या की! पंधरा दिवसांच्या हातावर टेकवून काय साधतं? आणि अर्धांगवायू झाल्यावर विचारतात, "गोळ्या का बंद केल्या?"