चाळीस दिवसांच्या बाळाला ताप, आणि म्हणे १०२पर्यंत थांबा

माझी भाची बाळंतपणाला सोलापूरला माहेरी आलीय. बाळ चाळीस दिवसांचं. परवा तिच्या चुलत सासूबाईंनी नात्यातल्या ग्रुपवर तो फिरणारा मेसेज टाकला: ‘बाळाचा ताप १०२पर्यंत गेला तरी डॉक्टरकडे पळू नका. चादरीत गुंडाळा, घाम आला की उतरतो. तळपायाला कांदा बांधा. थर्मामीटर कशाला, आईचा हात पुरे.’ भाचीचा लगेच फोन, “मावशी, खरं असतं का गं हे?”

नाही! १०२ हा आकडा कुणी काढला कोण जाणे. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ची मार्गदर्शिका दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठीच आहे. त्यात ३८ सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त ताप हे गंभीर जंतुसंसर्गाचं संभाव्य लक्षण धरलंय आणि बाळाला रुग्णालयात न्यायला सांगितलंय. अंग ३५.५च्या खाली गेलं तरी तेच. हे मेसेजवाल्यांच्या गावीही नाही. संसर्ग झालेलं तान्हं बाळ कधीकधी तापतच नाही, उलट गार पडतं, दूध ओढत नाही, मलूल होतं. १०२ची वाट बघत बसलात तर हातातले तास जातील.

मोठ्या बाळाची गोष्ट थोडी वेगळी, एवढं मान्य. वर्षाचं पोर १०१ तापातही खेळतंय, पितंय, तर रात्री घाबरून धावायला नको. पण मेसेजमध्ये वयाचा उल्लेखच नाही.

चादरीचं तर डोकंच फिरवणारं. मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, कानटोपी घालून सोलापुरी चादरीत गुंडाळलं तर धडधाकट बाळाचंही अंग तापेल. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही.

कांद्यानं ताप उतरत नाही. भाजीत घाला.

हाताला अंग गरम लागलं तर दुर्लक्ष करू नये, हे खरं. पण भाकरी थापून आलेल्या गरम हाताला बाळ गारच लागणार. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. टोक काखेत, दंड अंगाशी धरून ठेवायचा, बीप वाजेपर्यंत. तान्ह्याचं नेहमीचं तापमान ३६.५ ते ३७.५ असतं. भाचीला म्हटलं, बाळ बरं असतानाच दोन-तीनदा मोजून ठेव, म्हणजे त्याचा रोजचा आकडा कळेल. काल संध्याकाळी ३६.९ आला. तिनं तो पाळण्याशेजारच्या कॅलेंडरवर लिहिला आणि मेसेजखाली ग्रुपवरही टाकला.