तिथीची पाऊणपट आणि भरतीचे कोष्टक

‘समुद्राचे गणित कागदावरच खरे ठरते, आमचे वाडवडील पाणी पाहून भरती सांगत, त्यांना कसले सूत्र लागत नव्हते, आणि ओखी वादळात भरतीच्या वेळांची कोष्टके उघडी पडली,’ अशा आशयाचा एक संदेश गोव्यातील मराठी गटांतून वारंवार फिरतो.

सूत्र लागत नव्हते, हे पहिले विधानच चुकीचे आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आता तिथी काही पाण्यात दिसत नाही. चंद्र आणि सूर्य यांच्यातील कोनीय अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते, आणि ती पंचांगकर्ता गणितानेच काढतो. या हिशेबात चूकही आहे. १५ तिथींत भरतीची वेळ सरासरी १२ तास पुढे सरकते, म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटे; पाऊणपट करताना आपण ४५ धरतो, त्यामुळे पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाची तफावत साचते. (प्रतिपदेपासून मोजणी नव्याने सुरू होते, म्हणून ती त्यापुढे वाढत नाही.) खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांधाने राखलेल्या सखल शेताच्या, मानशीवर (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांवर) लक्ष ठेवणाऱ्याला एवढी अचूकता पुरते, मुरगाव बंदरात भरलेले जहाज आणणाऱ्याला पुरत नाही.

कोष्टक प्रत्यक्ष पाहणीशी फटकून असते, हा दुसरा समजही टिकत नाही. चंद्रामुळे येणाऱ्या मुख्य भरतीचा आवर्तकाल सुमारे १२ तास २५ मिनिटे असतो, हे आकाशावरून ठरते. पण मुरगावला ती किती उंच चढेल आणि किती उशिराने येईल, हे तेथील पाण्याची पातळी दीर्घकाळ मोजल्याखेरीज कोणतेही समीकरण सांगू शकत नाही.

उलट, नुसते पाहूनही भागत नाही. मांडवी नदीत आत शिरणारी भरती तळाच्या घर्षणाने लवकर क्षीण व्हावी असे वाटते. मोजमापांत मात्र ती सुमारे ४० किलोमीटरपर्यंत फारशी कमी होत नाही असे आढळले. पात्र आत अरुंद होत गेल्याने पाणी चढते आणि घर्षणाची घट भरून निघते, हा उलगडा गणिताने झाला.

राहिली ओखी. ३ डिसेंबर २०१७ ला पौर्णिमा होती; उधाणाच्या भरतीवर दूरच्या वादळाच्या लाटा आल्या आणि किनाऱ्यावरील शॅकचे, म्हणजे तात्पुरत्या उपाहारगृहांचे, नुकसान झाले. भरतीच्या कोष्टकात वादळाचा वारा धरलेलाच नसतो, आणि पाऊणपटीतही तो नव्हता. लाटांचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राविषयी माहिती देणारी संस्था वेगळ्या प्रारूपाने देते.

संदेशातील एक गोष्ट मात्र मी मान्य करतो. पावसाळ्यात नदीच्या वरच्या अंगाला पुराचे पाणी उतरते, ते मुरगावच्या कोष्टकात येत नाही. तेथे मानशीची दारे कधी लावायची, याबाबत बांधावर उभ्या असलेल्या माणसाचे म्हणणे मी आधी ऐकेन.