बेस एक रुपया, पोस्टेज अ‍ॅक्च्युअल

जुनी नाणी विकायला काढताय? व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केलाय, दर रविवारी रात्री लिलाव लावताय? छान. मागच्या लिलावापासून मलाही या धंद्यातलं एकदम बरंच कळायला लागलंय, तेव्हा चार गोष्टी सांगतो. फुकट सांगतो, पोस्टेज तेवढं वेगळं.

सगळ्यात आधी बेस प्राइस. ती ठेवा एक रुपया. भाजीवालीकडे कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करणारा माणूससुद्धा 'बेस 1 रु.' दिसलं की हातातला घास ताटात ठेवून +10 टाइप करतो, हा स्वानुभव आहे. आणि भाव वर सरकत नसेल तर मेहुणा कशासाठी असतो? त्याला ग्रुपमध्ये घ्या. तो +10, +20 करत राहील, आणि चुकून नाणं त्याच्याच गळ्यात पडलं तर 'बिडरने पेमेंट केले नाही' असं लिहून पुढच्या रविवारी परत लावायचं. फोटो नवीन काढायची गरज नाही, तोच तळहात, तोच अंगठा, नखाला तीच हळद, कोण बघतंय.

एक रुपया ठेवायला जीव होत नसेल तर सरळ लाखात जा. 2012 चं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं, बेस तीन लाख. गेंड्याचे चार आणे, दीड लाख. अशा सौद्यांपासून सावध राहा म्हणून रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये सांगितलं होतं, पण रिझर्व्ह बँकेला काय कळतंय नाण्यांतलं.

मागच्या बाजूचा फोटो कुणी मागितला तर 'सेम अ‍ॅज पिक'.

प्रत्येक शिवराई, म्हणजे शिवरायांच्या नावाचं तांब्याचं नाणं, राज्याभिषेकाचीच असते, 1674 ची, किल्ल्याच्या पायथ्याशी सापडलेली. दुदांडी शिवराई, म्हणजे दोन आडव्या दांड्यांची, पेशवाईत ढिगाने पाडली जायची, म्हणून ती आजही स्वस्तात मिळते, हे खरेदी करणाऱ्याला माहीत असेल तर तो त्याचा दोष. तुम्ही म्हणायचं, मला यातलं कळत नाही हो, आजोबांच्या पेटीत होतं. आजोबांची पेटी मात्र दर रविवारी भरलेली असली पाहिजे.

वेळ: 'रात्री 10 ला क्लोज'. मेहुण्याची बिड 10.07 ला आली तरी धरा. अ‍ॅडमिनचा निर्णय अंतिम.

आता खरी कमाई. पोस्टेज. ही आयडिया काही तुमची नाही, ईबेवर हे कधीचं चालायचं, कमिशन मालाच्या किमतीवर म्हणून माल कवडीमोल आणि पोस्टेज डोंगराएवढं, शेवटी 2011 मध्ये अमेरिकेत त्यांनी पोस्टेजवरही कमिशन लावलं तेव्हा कुठे लोक जरा भानावर आले. पण व्हॉट्सअ‍ॅपवर कसलं आलंय कमिशन, तेव्हा तुम्ही बिनधास्त लिहा, 'पोस्टेज अ‍ॅक्च्युअल'. फार गोड शब्द आहे. आकडा नाही, पण प्रामाणिकपणाचा वास येतो. मीही भुललो. तीन दुदांडी घेतल्या, 40, 65 आणि 55, झाले 160. म्हटलं चला, स्वस्तात पडल्या. दुसऱ्या दिवशी मेसेज, टोटल 520. मी विचारलं, दादा 520 कसे? तर म्हणे पोस्टेज 120 पर कॉइन. पर कॉइन! म्हणजे तीन नाणी तीन वेगवेगळ्या विमानांनी येणार होती का? म्हटलं एकाच पाकिटात टाका की, तर उत्तर, 'सर पॅकिंग, हँडलिंग, पेट्रोल, पोस्टात लाइन असते'. मी दिले. हो, दिले, कारण बिड मारून पळणाऱ्याला ग्रुपमधून काढतात आणि तीस वर्षं नाणी जमवणाऱ्या माणसाला तेवढी लाज असते. आठ दिवसांनी पोस्टमनकाका दारात, हातात एक पाकीट. एकच. साधं, लग्नपत्रिकेचं उरलेलं वाटावं असं, कोपऱ्यातला गणपती पेनाने खोडलेला, आणि वर पाच रुपयांचं एक तिकीट. काका म्हणाले, साहेब नॉटपेड आहे, दहा रुपये द्या. माझ्याकडे नाणी तोलायचा छोटा काटा आहे, त्यावर ठेवलं तर 34 ग्रॅम. साध्या पत्राला वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपये, त्यापुढे आणखी पाच, ते त्याने लावले नव्हते, म्हणून कमी पडले त्याच्या दुप्पट माझ्याकडून. आत नाणी वहीच्या कागदात गुंडाळलेली, सेलोटेप थेट नाण्यावर, दोनशे-अडीचशे वर्षांच्या तांब्यावर सेलोटेप! एक पाकिटाच्या फाटलेल्या कडेतून डोकं बाहेर काढून बसलेलं, ते वाटेत पडलं नाही हे माझं नशीब. तीनशे साठ रुपये 'अ‍ॅक्च्युअल', तिकीट पाचचं, नॉटपेडचे दहा मी भरले, आणि बायको मागून विचारते, किती आले म्हणे एक रुपयाला?

ट्रॅकिंग नंबर मागितला तर 'सर साइट डाऊन आहे' म्हणा.

पुढची टीप होती रिटर्न पॉलिसीची, पण जाऊ दे, नाही सुचत आता.

अरे बाबा, आम्हाला हिशोब येत नाही असं वाटतं का तुला? रजिस्टर पोस्ट 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टात गेलं, हे माहितेय आम्हाला. 1 ऑक्टोबरपासूनचे दरही माहितेत, पन्नास ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात 19, बाहेरगावी देशात कुठेही 47, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे साडेपंचावन्न. पुठ्ठा, बबल रॅप, बरं पाकीट धर, वर तुझ्या पेट्रोलचे दहा धर, ऐंशी घे. शंभर घे, कुणी तोंड उघडणार नाही. पण एकदा घे, तीनदा नाही. आणि शंभर घेतलेस तर स्पीड पोस्टनेच पाठव. दुदांडीला दीडशे हवेत तर बेस दीडशे टाक ना, घेणारा घेईल, नसेल घ्यायची तर पुढे जाईल, त्यात कसली लाज? एक रुपयाचं नाटक करायचं, माणसाला रात्री दहापर्यंत मोबाइलला चिकटवून ठेवायचं आणि मग मागच्या दाराने खिशात हात घालायचा, याला चोरी म्हणतात, मार्केटिंग नाही. अ‍ॅक्च्युअल म्हणजे पावतीवर छापलेलं असतं ते. ती पावती ग्रुपवर टाक. नसेलच, तर 355 रुपये परत कर, आणि नॉटपेडचे माझे दहा. पैसे तू ज्या नंबरवरून घेतलेस तो माझाच आहे, त्यावरच जीपे कर.