९० टक्के, पण कशाचे?

लहान कन्सल्टिंग फर्मच्या मालकांमध्ये एक हिशोब फिरत असतो. वर्षाचे तास २०८०, त्यातले ९० टक्के बिलेबल हवेत, म्हणजे क्लायंटला बिल लावता येईल अशा कामाचे. ज्याचे भरतील त्याला बोनस, बाकीचे फुकटचा पगार खातात. बारा जणांच्या एका फर्मची टाइमशीटं (कोणी कोणत्या कामाला किती तास दिले त्याची नोंद) मी सहा वर्षं तपासली, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

आधी २०८० बघू. ५२ आठवडे गुणिले ४० तास, म्हणजे यात दिवाळीलाही सुट्टी नाही. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ८ सणांच्या सुट्ट्या, ८ नैमित्तिक रजा आणि कामाच्या दर २० दिवसांमागे १ अर्जित रजा आहे. ही वर्षाला साधारण १२ होते. तुमच्या फर्मला कायदा लागू असो-नसो, एवढं तर द्याल? २६० दिवसांतून २८ गेले, उरले २३२, म्हणजे १८५६ तास. आणि २०८०चे ९० टक्के होतात १८७२! एक तासही वाया न घालवणारा माणूससुद्धा १६ तासांनी नापास. टक्का काढायचाच तर हजर तासांवर काढा.

मालक म्हणतात, ‘सगळ्यांना एकच टार्गेट, हाच न्याय.’ लहान फर्ममध्ये वेगळं सेल्स खातं नसतं. प्रपोजल लिहिणारा, क्लायंटकडे खेटे घालणारा सीनियरच असतो. तोही ९० टक्क्यांच्या मागे लागला की नवं काम येत नाही आणि तीन महिन्यांनी सगळी टीम बेंचवर, म्हणजे कामाविना बसून. आणि बेंचवरचा ज्युनियर तिथे हौसेने बसलेला नसतो; पीओ (काम सुरू करायची लेखी ऑर्डर) क्लायंटच्या अकाउंट्समध्ये अडकलेला असतो.

मालकांचं दुसरं वाक्य, ‘तास भरले की पैसा आला.’ इथेच खरी गोम आहे. काम २,२०,००० रुपयांत ठरलं, दर तासाला २,००० धरला, तर त्यात ११० तास बसतात. टाइमशीटवर चढले १५०. बोनस १५०वर गेला, वरचे ४० तास फर्मच्या बोडक्यावर. शुक्रवारी संध्याकाळी शीट भरताना काय होतं तेही पाहिलंय. एका मुलीने नव्या पोराला दोन तास एक्सेल शिकवलं आणि ते क्लायंटच्या नावावर ‘डेटा क्लीनिंग’ म्हणून टाकलं. मी विचारलं तर म्हणाली, “सर, शिकवण्याला कोडच नाहीये.” म्हणजे शीटवर ते तास टाकायला वेगळा रकानाच नव्हता.

पगार निघायला बिलं लागतात, यात वाद नाही. बारांतले दोघे रिकामे असले की मालकाची झोप उडते, तेही खरं. पण माझं मत विचाराल तर ज्युनियरला हजर तासांच्या ७५-८० टक्के, काम आणणाऱ्याला ५०च्या आसपास, आणि निम्मा बोनस वसूल झालेल्या पैशावर, सगळ्यांना मिळून.

आमच्याकडे शेवटी ‘अंतर्गत’ नावाचा कोड आला. पहिल्याच महिन्यात त्यावर इतके तास पडले की मालक वैतागले, “हे आत्ताच कुठून आले?” आधीही होतेच, क्लायंटच्या बिलात.