कोलंबसमध्ये जुनं घर घेताय? आधी विटांच्या दरजा बघा

ओहायोतल्या कोलंबसला बदली झाली की आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न शाळांचा असतो आणि दोन वीकेंडांत गाडी डब्लिन, पॉवेल नाहीतर हिलियार्ड या उपनगरांत जाऊन थांबते. चार बेडरूम, दोन गाड्यांचं गॅरेज, मागे हिरवळ. त्यात वाईट काही नाही, पण तसली घरं डॅलसलाही मिळतात. कोलंबसचं म्हणून जे काही आहे ते डाउनटाउनला खेटून असलेल्या जर्मन व्हिलेज या जुन्या वस्तीत आहे, आणि ते टिकलंय ते कुणीतरी हट्टाने टिकवलं म्हणून.

शहर वाढतंय हे खरंच. लोकसंख्या 2010 मध्ये 7,87,033, तर 2020 मध्ये 9,05,748. क्लीव्हलंड आणि सिनसिनाटीची बेरीज केली तरी कोलंबस भारी पडतं. यात हद्दीचाही हात आहे. 1950 च्या दशकात महापौर सेन्सेनब्रेनर यांनी सरळ अट घातली होती की पाणी आणि ड्रेनेज हवं असेल तर आधी शहरात सामील व्हा. म्हणून हे शहर पसरतच गेलं.

त्याच काळात मधल्या वस्त्यांवर बुलडोझर फिरत होते. जर्मन व्हिलेजला त्याआधीच दोन तडाखे बसले होते. पहिल्या महायुद्धात जर्मन नावं खुपू लागली, तेव्हा शिलर स्ट्रीटचा व्हिटियर झाला आणि कैसर स्ट्रीटचा लिअर. मग दारूबंदीने ब्रुअऱ्या बसल्या आणि रोजगार गेला. पुढे वस्तीचा जवळजवळ तिसरा हिस्सा पाडला गेला. फ्रँक फेच या पालिकेच्या नोकरदाराने 1949 मध्ये इथलं एक घर विकत घेऊन दुरुस्त केलं, 1960 मध्ये जर्मन व्हिलेज सोसायटी उभी राहिली आणि पाडापाडी थांबली. डाउनटाउनच्या पूर्वेची किंग-लिंकन ही कृष्णवर्णीयांची वस्ती मात्र वाचली नाही. आय-71 या महामार्गाने तिला डाउनटाउनपासून तोडलं. जुन्या वस्त्यांचं कौतुक करताना हा हिशोब विसरू नये.

आता घराकडे वळू. इथलं ठरावीक घर म्हणजे दीड मजली, रस्त्याकडे तोंड केलेलं त्रिकोणी छप्पर, वर स्लेटच्या पातळ दगडी पाट्या, खाली चुनखडी दगडाचा पाया आणि लाल विटांच्या भिंती. एकोणिसाव्या शतकातली ही वीट आजच्या विटेपेक्षा मऊ असते आणि ती चुन्यात बांधलेली आहे. भिंतीतली ओल चुन्याच्या दरजांतून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून, बाहेर पडते. त्या दरजा सिमेंटने भरल्या की ओलीला वाट राहते ती फक्त विटेतून. हिवाळ्यात ते पाणी गोठतं, वितळतं, पुन्हा गोठतं, आणि एक दिवस विटेचा दर्शनी पापुद्राच सुटून पडतो. वीट खराब निघाली म्हणून लोक हळहळतात. दोष विटेचा नसतो, गवंड्याचा असतो. (आपल्याकडे वाड्यांना सिमेंटचा गिलावा करणाऱ्यांनीही हे वाचावं.)

दरजा नीट भरायच्या तर जुना माल दरजेच्या रुंदीच्या दुप्पट-अडीचपट खोल काढावा लागतो, तोही शक्यतो छिन्नीने. ग्राइंडर जरासा सरकला तरी विटेची कड गेली. मग एक भाग चुना आणि अडीच ते तीन भाग वाळू. विटा आधी ओल्या करायच्या आणि माल साधारण पाव इंचाच्या थरांनी दाबायचा. बोटाचा ठसा जेमतेम उमटेल इतका एक थर घट्ट झाला की पुढचा. वरून ओलं गोणपाट काही दिवस. तापमान 40 फॅरनहाइटच्या खाली जाणार असेल तर कामाला हातच लावू नये. सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा करून भिंत साफ करणं, तर कधीच नको, विटेची भाजलेली कातडी त्यात निघून जाते.

बाहेरचं काहीही बदलायचं, मग ती खिडकी असो, छप्पर, कुंपण किंवा दार, तर आधी जर्मन व्हिलेज कमिशनचं मंजुरीपत्र लागतं. त्याशिवाय पालिका बांधकाम परवाना देत नाही. आतल्या खोल्यांशी कमिशनला देणंघेणं नाही. अनेकांना हा जाच वाटतो. आमच्या मते याच जाचामुळे गल्ली अजून गल्लीसारखी दिसते.

सौद्याआधी तीन गोष्टी तपासाच. सांडपाण्याच्या मातीच्या नळात कॅमेरा घालून झाडाची मुळं शिरली आहेत का ते पाहा. माळ्यावर चिनीमातीच्या खुंट्यांवरची जुनी वायरिंग अजून चालू असेल तर विमा अडतो. आणि तळघराच्या भिंतीला लोणा धरला असेल तर वॉटरप्रूफिंगच्या कोटेशनआधी पन्हळीचं पाणी पायाशी पडतंय का ते बघा. बऱ्याचदा दुखणं तेवढंच असतं.

बाकी पैशांचं थोडक्यात: मालमत्ता कर बाजारभावाच्या 35 टक्क्यांवर बसतो आणि दर तीन वर्षांनी भाव नव्याने लावले जातात. नोकरी कोलंबस हद्दीत असेल तर शहराचा 2.5 टक्के आयकर वेगळा. प्रवासी रेल्वे 1979 पासून नाही, त्यामुळे गाडी लागणारच, आणि इथे ती बहुधा रस्त्यावरच लावायची.

घर बघायला शक्यतो मार्चमध्ये जा. थंडी नुकतीच सरलेली असते आणि नव्या पालवीने भिंती झाकलेल्या नसतात. भिंतीच्या पायथ्याशी वाकून बघा. फुटपाथवर लाल भुगा आणि विटांचे पापुद्रे पडलेले दिसले, तर किमतीची बोलणी तिथूनच सुरू करा.